शाल-श्रीफळ नको, काम काढा: कॉलनीतल्या थोरांची आणि पोरांची गाठ कशी घालावी

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आला की कॉलनीत मांडव पडतो. माइक, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण आणि शेवटी उपमा. दुसऱ्या दिवशी सत्कारमूर्ती अप्पा पुन्हा गेटपाशी खुर्ची टाकून एकटेच बसलेले असतात. समोरच्या वरच्या मजल्यावर शहाद्याकडून, चोपड्याकडून शिकायला आलेली पोरं भाड्याने राहतात. ती त्यांना रोज पाहतात, पण नाव कुणालाच माहीत नसतं.

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, सगळीकडे हे साधारण असंच आहे. मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेली आणि मागे रो हाउसात दोघं किंवा एकटंच माणूस उरलं. त्याच गल्लीत स्पर्धा परीक्षेवाली पोरं आहेत, बँकेत नव्याने लागलेली मुलगी आहे, लग्न होऊन आलेली सून आहे. यांचंही गावात कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाणवतो, आणि १३ ते २९ या वयात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. म्हणजे ‘पोरांनी म्हाताऱ्यांची सेवा करावी’ ही सुरुवातच चुकीची. गरज दोघांचीही आहे, तर काम असं काढायचं की दोघांनाही एकमेकांची गरज लागेल.

आधी गल्ली मोजा

अख्खा वॉर्ड घेऊ नका. ४० ते ६० घरांची एक गल्ली किंवा एक अपार्टमेंट पुरे. साठीच्या पुढचं एक आणि तिशीच्या आतलं एक, अशी दोन माणसं मिळून घरोघर जावीत. एकटा तरुण गेला तर तो काहीतरी विकायला आलाय असं वाटतं, आणि एकटे आजोबा गेले तर वर्गणी मागायला. एका घराला दहा मिनिटं पुरतात. ओट्यावर उभ्यानेच तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या कामाला माणूस लागतो, दुसऱ्याला शिकवता येईल असं काय येतं, आणि कोणती वेळ अजिबात नको.

‘एकटं वाटतं का?’ हे विचारूच नका. दारात, आतून सून ऐकत असताना, ‘हो’ कोणी म्हणत नाही. ‘छे, आमचं मस्त चाललंय’ असं उत्तर येतं आणि पुढचं बोलणं खुंटतं.

वहीत तिसऱ्या प्रश्नाखाली नळाचा वार लिहून ठेवा. ज्या दिवशी गल्लीत पाणी येतं त्या दिवशी त्या वेळेला कोणी बाहेर पडत नाही, आणि याचा विसर पडला की पहिलीच बैठक रिकामी जाते. जी घरं दार उघडत नाहीत त्यांच्याबद्दल दूधवाला, किराणावाला आणि मेडिकलवाला यांना विचारा. कोण आठवड्यात खाली उतरलेलं नाही हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

या फेरीतून दोन याद्या निघतात. ‘लागतं’च्या यादीत कूलरला पाणी, गॅसचं बुकिंग, दवाखान्यात सोबत, फोनमधली अक्षरं मोठी करणं. ‘येतं’च्या यादीत सातबारा वाचणं, शिवण, इंग्रजी व्याकरण, लोणचं, सायकल दुरुस्ती, रेल्वे आरक्षणाच्या सगळ्या खाचाखोचा. भुसावळमध्ये ही शेवटची विद्या घरटी एकाला तरी येते. दोन्ही याद्यांत म्हातारी आणि तरुण दोन्ही नावं आली पाहिजेत. ‘लागतं’मध्ये फक्त म्हातारे दिसले तर फेरी नीट झाली नाही. पुन्हा जा आणि खोलीवरच्या पोरांना विचारा की जेवणाचं काय करता.

कोणती कामं चालतात

खानदेशात पहिलं काम म्हणजे कूलर. मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत त्याच्याशिवाय दुपार निघत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. घरगुती कूलरच्या टाकीत ४० ते ६० लिटर, म्हणजे तीन-चार बादल्या पाणी मावतं, आणि कडक उन्हाळ्यात ती रोज भरावी लागते. पंचाहत्तरीच्या माणसाने खिडकीबाहेरच्या कूलरपर्यंत बादली उचलायची म्हणजे कंबर तरी जाते नाहीतर तोल तरी. तरुणाला तेच काम दहा मिनिटांचं. रोज ठरल्या वेळी कोणीतरी येतं, त्यामुळे तब्येतीची चौकशी मुद्दाम करावी लागत नाही.

मात्र रीत नीट शिकवून मगच पोराला पाठवा. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरून माणसं दगावतात. पायात कोरडी चप्पल हवी, ओल्या हाताने बॉडीला हात लावायचा नाही. हंगामाच्या सुरुवातीला गवत बदला, टाकीतला गाळ काढा, पंपाची जाळी धुवा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची. डेंग्यूच्या अंड्याचा उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा खंड.

दुसरं काम नोव्हेंबरचं, हयातीच्या दाखल्याचं. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना, म्हणजे निवृत्त रेल्वेवाल्यांनाही, तो दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचा दाखला वर्षात कधीही दिला तरी तिथून पुढे वर्षभर चालतो, त्यामुळे ती मंडळी नोव्हेंबरच्या गर्दीत आणू नका. हे काम मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. आधी फोन चालवणारा तरुण ऑपरेटर म्हणून स्वतःच्या आधारने आणि चेहऱ्याने नोंद करतो, मग त्याच फोनवर एकामागून एक पेन्शनरांचं होतं. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, बँक खात्याचा नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणायला आदल्या दिवशी सांगून ठेवा. चेहरा ओळखला जात नाही तेव्हा बहुतेक वेळा उजेड पाठीमागून येत असतो. माणसाला खिडकीकडे तोंड करून, कोऱ्या भिंतीसमोर बसवा, चष्मा काढा, टोपी काढा. मेसेजने प्रमाण आयडी आला की तो वहीत लिहून द्या, कारण मेसेज हरवतात. एका सकाळी एका फोनवर आठ-दहा जणांचं निघतं, आणि रांगेत बसल्या बसल्या गप्पा होतात त्या वेगळ्याच.

उलट दिशेचं काम काढायला डोकं लावावं लागतं, आणि लोक नेमका इथेच आळस करतात. ते काढलं नाही तर महिन्याभरात पोरं ‘फुकटचे नोकर’ होतात आणि गळतात. एमपीएससीच्या मुलाखतीची तालीम हे चांगलं उदाहरण. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतले साहेब यांनी वीस मिनिटं समोर बसून प्रश्न विचारायचे: तापी आणि गिरणेचं पाणी, केळीचा भाव, सातपुड्यातली गावं, तुझ्या तालुक्यात बदलायचं काय. यात म्हाताऱ्यांना नटून बसता येतं आणि पोराला खरोखर उपयोग होतो. तसंच सातबाऱ्याचं. शेतकऱ्याच्या घरच्या पोरालाही गाव नमुना ७ मध्ये मालकी आणि इतर हक्क असतात, १२ मध्ये पिकं असतात, फेरफार नंबर कुठून शोधायचा, हे येत नसतं. एका दुपारी शिकून होतं.

सुनांसाठी आणि मुलींसाठी कानबाई, म्हणजे खानदेशातल्या देवीचा सण आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होतं. रात्री जागवायची गाणी म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ असतात आणि लिहिलेली क्वचितच असतात. आधीचा महिनाभर आठवड्याला दोन गाणी फोनवर रेकॉर्ड करून वहीत उतरवून घ्या. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या गाण्यांचंही तसंच. गाणारीला अहिराणीत बोलू द्या, मध्येच ‘म्हणजे काय?’ करून थांबवू नका, अर्थ नंतर विचारा. यावल-रावेरकडच्या बाया लेवा गणबोलीत सांगतील, त्यांचं वेगळ्या पानावर घ्या.

आणि हिवाळ्यात भरीत. हे मोठं काम वर्षातून एकदाच करा. वीस माणसांना भरताची हिरवी वांगी सहा किलो, कांद्याची पात एक किलो, हिरवी मिरची पाव किलो, लसूण दीडशे ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, तेल अर्धा किलो, कोथिंबिरीच्या दोन मोठ्या जुड्या. वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारल्याशिवाय आगीत टाकू नका, फुटतं. कपाशीच्या काड्यांवर भाजा. गॅसवर भाजलं तर म्हातारी मंडळी तोंड वाकडं करतील, आणि त्यांचं बरोबर असेल. सोलायला टेबल-खुर्ची द्या म्हणजे गुडघेदुखीवाल्यांना हात लावता येतो. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचणं पोरांकडे, किती ठेचायचं आणि मिरची कधी घालायची हे सांगणं आज्यांकडे. मिरची मिसळण्याआधी पाचएक जणांपुरतं भरीत बाजूला काढून ठेवा. पित्तवाली माणसं तिखटाच्या भीतीने येत नाहीत आणि कारण सांगत नाहीत. सोबत कळण्याची भाकर, ती थापायला येणारी एक बाई गल्लीत असतेच. म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून वाढू नका. तसं केलंत तर तो पुन्हा सत्कारच झाला.

जे चालत नाही तेही सांगायला हवं. अंताक्षरी पहिल्यांदा रंगते, तिसऱ्यांदा त्याच चार जणांची होते. वीस म्हाताऱ्यांना एका खोलीत बसवून ‘मोबाइल प्रशिक्षण’ कधीच जमत नाही, कारण प्रत्येकाचा फोन वेगळा, अडचण वेगळी. तिथे एकाला एकच हवा.

पहिली बैठक

आठ म्हातारी आणि आठ तरुण, जास्तीत जास्त चोवीस माणसं. वेळ एक तास, त्यापुढे नाही. उन्हाळ्यात सकाळी सात किंवा संध्याकाळी सातनंतर, हिवाळ्यात दुपारी चार.

जागा बघताना आधी संडास बघा. जवळ, पायऱ्या नसलेला, कडी आतून लागणारा. तो नसेल तर मधुमेहाची आणि प्रोस्टेटची माणसं ‘बरं नाही’ म्हणून घरीच राहतात. ओपन स्पेसमधल्या मंदिराचा मांडव सोयीचा वाटतो, पण गल्लीत मुस्लिम, ख्रिस्ती किंवा बौद्ध घरं असतील तर ती मंडळी तिथे यायला कचरतील. शाळेची खोली, अभ्यासिका, नाहीतर कोणाचा मोठा ओटा घ्या. खुर्च्या हातांच्या हव्यात, सतरंजी नको. परतीचा रस्ता उजेडाचा आहे का आणि कुत्री कुठे बसतात, हे आदल्या संध्याकाळी चालून बघा.

ऐकू कमी येणाऱ्यांना पंख्याच्या आणि कूलरच्या घरघरीत काहीच कळत नाही. ते मान डोलावतात, हसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. बोलताना कूलर बंद करा किंवा बाहेर बसा. समोरासमोर तीन-चार फुटांवर, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत. ओरडल्याने शब्द फाटतात, समजत नाहीत.

ओळख करून घेताना एकच नियम: नाव आणि गाव, बस्स. आपल्याकडे आडनावावरून ‘म्हणजे कोणापैकी?’ पर्यंत जायला दोन मिनिटं लागत नाहीत. सातपुड्यातून आलेला पावरा किंवा तडवी मुलगा, किंवा दलित वस्तीतला, तो प्रश्न ऐकून पुन्हा येणार नाही. गाव विचारलं की एसटी, बाजार, नदी, पाहुणे असं बोलणं आपोआप निघतं. पॅकेज किती, लग्न कधी, कितवा प्रयत्न, हे तीन प्रश्नही बाद. तरुणांनाही एक गोष्ट सांगा, सरसकट ‘आजोबा’ म्हणू नका. ६२ वर्षांच्या निवृत्त साहेबांना ते झोंबतं. ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं विचारा. अप्पा, नाना, तात्या, जिभाऊ, आक्का, काकू, ज्याला जे हवं ते.

बैठक संपायच्या आत दोन याद्या वाचून पुढच्या आठवड्याची कामं वार-वेळेसकट ठरली पाहिजेत. ‘भेटू या कधीतरी’ यावर सुटलेली बैठक तिथेच संपते.

जोडी नको, तिघं करा

एका ज्येष्ठाला किंवा ज्येष्ठ जोडप्याला दोन तरुण द्या. एकाची परीक्षा आली तर दुसरा असतो, आणि सुरुवातीचा महिनाभर दोघांनी मिळूनच जायचं. कूलरचं रोजचं पाणी वेगळं; गप्पांची आठवड्यातून एकच भेट, तोच वार, तीच वेळ, पाऊण तास. रोज गप्पांना जाण्याचं वचन देऊन चौथ्या दिवशी मोडण्यापेक्षा हे बरं. वाट पाहायला लावून न येणं हे मुळीच न येण्यापेक्षा वाईट, म्हणून येणं जमणार नसेल तर फोन करायचाच. मेसेज नको, फोन.

बसायचं ओट्यावर. सगळ्यांच्या नजरेसमोर असतं, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या बाईला अनोळखी पोराची भीती नाही आणि मुलींच्या घरच्यांना काळजी नाही. आणि पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठांच्या फोनवरून त्यांच्या पुण्यातल्या मुलाला किंवा सुरतेतल्या मुलीला फोन लावून घ्या: हे दोघं दर गुरुवारी येतात, हे यांचे नंबर. हा फोन राहिला की महिन्याभराने ‘बाबा, कोण येतंय घरात? काही सही करू नका’ अशी धमकावणी येते. तिकडून बघितलं तर मुलांचं चुकतही नाही.

पैशाचे नियम लेखी द्या, प्रत्येक घरी एक कागद. तरुणाने ज्येष्ठांचं एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही, पिन आणि ओटीपी ऐकायचाही नाही. यूपीआय शिकवताना आकडे ज्येष्ठांनीच दाबायचे, तरुणाने तोंड फिरवायचं. उसने पैसे दोन्ही बाजूंनी बंद. घराची चावी, दागिने, मृत्युपत्र, मुलांमधले वाटे, यात पडायचं नाही. पोलिस असल्याची बतावणी करून घाबरवणारा ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला तर तो कापून लगेच दोघा तरुणांपैकी एकाला फोन करायचा, आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात ११२, १०८, आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, जी सकाळी ८ ते रात्री ८ चालते. जेवण सोडलंय, झोप नाही, ‘आता बस झालं’ असं बोलणं सुरू आहे, असं म्हाताऱ्याचं असो की परीक्षेत नापास झालेल्या पोराचं, तिथे गप्पांवर भागवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास मोफत आहे.

रिकामा वरचा मजला आणि खोली शोधणारे विद्यार्थी, ही गाठही घालता येते. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावातल्या ह्युमॅनिटास वृद्धनिवासात विद्यार्थी महिन्याला ३० तास ज्येष्ठांसोबत घालवतात आणि भाडं देत नाहीत. आपल्याकडे भाडं पूर्ण माफ करू नये असं आमचं मत. माफीचं ओझं होतं, आणि मालकीणबाईंना हाक मारायची सवय लागते. भाडं थोडं कमी ठेवा, बदल्यातली कामं आणि तास भाडेकरारातच लिहा, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद नेहमीप्रमाणे करा.

कुठे फिसकटतं

सगळ्यात आधी व्हॉट्सॲपवर. ग्रुप काढला की पहाटे सुप्रभात, दुपारी औषधी काढे, निवडणुकीत तर विचारूच नका. ग्रुपवर फक्त दोन समन्वयकांना लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. दुसरं, नगरसेवक किंवा इच्छुक बॅनर घेऊन येतो, चहाचा खर्च उचलतो म्हणतो. चहा-साखर माणशी दहा-वीस रुपयांत भागते, ती आपसात काढा आणि हिशेब वहीच्या मागच्या पानावर लिहा. बॅनर लागला की अर्धी गल्ली गळते.

तिसरं फिसकटणं दिवाळीनंतरचं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवाळीत मुलं-नातवंडं घरी असतात, खोल्यांवरची पोरं गावी जातात. भाऊबीजेनंतर दोन-चार दिवसांत पाहुणे परतले की घर एकदम खायला उठतं, आणि विद्यार्थी अजून आलेले नसतात. वर्षातला हा सगळ्यात कठीण आठवडा. त्या आठवड्यात एक भेट मुद्दाम ठेवा, फराळ संपवायला म्हणून, आणि गावातच राहणाऱ्या तरुणांना, नोकरीवाल्यांना त्यासाठी आधी सांगून ठेवा.

उपयोग होतोय का

हजेरीवरून कळत नाही. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाला, तरुणांनाही, एकट्यात तीन प्रश्न विचारा: सोबतीला कोणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातंय असं? सगळ्यांपासून तुटल्यासारखं? क्वचित म्हटलं तर १, कधीकधी २, नेहमी ३. बेरीज ३ ते ९ मध्ये येते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एकटेपणाच्या मापनपट्टीचं हे छोटं रूप आहे. आधी ओळख झालेली असते, त्यामुळे दारात जे सांगितलं नसतं ते आता सांगतात. बेरीज कमी झाली नाही तर माणूस बदलू नका, आधी काम बदला. शिवाय वहीत एक रकाना ठेवा: ठरल्या वाराखेरीज कोण कोणाला भेटलं. तो रकाना आपोआप भरायला लागला की समन्वयकांनी मागे सरकावं.

एप्रिल-मेमध्ये विद्यार्थ्यांच्या परीक्षा संपतात आणि निम्मे गाव सोडतात. जाणाऱ्याने शेवटच्या दोन भेटींत नवा गडी सोबत न्यायचा, आणि त्याच्या हातात पानभर टिपण द्यायचं: काय हाक मारायची, कोणत्या कानाने ऐकू येतं, चहात साखर की बिनसाखर, कूलरचा प्लग कुठे आहे, मुलाचा नंबर, आणि कोणता विषय काढायचा नाही.